साखर, मेद आणि केशवाहिनी



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा एक आग्रह होता: रोग्याला त्याचा आजार समजला पाहिजे, आणि तोही त्याच्या भाषेत. त्या आग्रहाला धरूनच मी आजचा विषय निवडला. तो थोडा आत शिरून समजून घ्यावा लागतो, पण इथे बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या घराशी त्याचा संबंध आहे.

मधुमेहाची तपासणी करून आलेल्या माणसाच्या हातात दोन कागद असतात. एकावर उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर आणि गेल्या तीनेक महिन्यांचा अंदाज देणारं एचबीएवनसी. दुसऱ्यावर कोलेस्टेरॉल, एलडीएल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड. घरात या दोन कागदांची चर्चा वेगवेगळी होते. साखर वाढली म्हणून चहा बिनसाखरेचा होतो, कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून तुपाची बरणी वरच्या फळीवर जाते. ट्रायग्लिसराइडच्या आकड्याकडे बहुतेक वेळा कुणाचं लक्षच जात नाही. मला आज सांगायचं आहे ते हे, की या दोन्ही कागदांवर एकाच बिघाडाची नोंद असते. तो बिघाड शरीरातल्या सर्वांत लहान रक्तवाहिन्यांच्या भिंतीशी घडतो. वाढलेली साखर तिथला मेदाचा व्यवहार विस्कटते, आणि विस्कटलेला मेद त्याच वाहिनीला इजा करतो. मधुमेहात डोळे, मूत्रपिंडं आणि पाय का धोक्यात येतात, याचं बरंचसं उत्तर तिथे सापडतं.

प्रश्न किती मोठा आहे? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, म्हणजे प्रौढांपैकी ११.४ टक्के. आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. हे आकडे वर्तमानपत्रांतून आपण वाचले असतील. त्याच पाहणीतला आणखी एक आकडा मात्र फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही. पाहणीतल्या ८१.२ टक्के प्रौढांच्या रक्तातल्या मेदाचं एखादं तरी प्रमाण बिघडलेलं होतं. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत, म्हणून हा सगळा खटाटोप.

सुरुवात केशवाहिनीपासून करू. हृदयातून निघणारी महाधमनी अडीच-तीन सेंटीमीटर रुंद असते. तिला फांद्या फुटत जातात, त्या अरुंद होत जातात आणि शेवटी ज्या वाहिन्या उरतात त्या जेमतेम ५ ते १० मायक्रॉन रुंदीच्या. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. रक्तातली तांबडी पेशी स्वतःच ७-८ मायक्रॉनची असते, त्यामुळे कित्येक ठिकाणी तिला अंग दुमडून पुढे सरकावं लागतं. या वाहिनीची भिंत एका पेशीच्या जाडीची असते. तिच्या पातळ पेशींच्या थराला आपण अंतःस्तर म्हणू. प्राणवायू, साखर, मेद, संप्रेरकं, सगळी देवाणघेवाण इथेच होते. मोठ्या धमन्यांचं काम रक्त पोचवण्याचं; रक्तातून पेशींना जे मिळायचं ते केशवाहिनीतच मिळतं. पूर्वी या थराकडे नळीचं निव्वळ अस्तर म्हणून पाहिलं जाई. आज आपण त्याला एक स्वतंत्र अवयव मानतो. तो वाहिनी रुंद-अरुंद करणारी रसायनं सोडतो, रक्त गोठू देत नाही, आणि मेदाचा व्यवहारही सांभाळतो.

हा मेदाचा व्यवहार कसा चालतो? आपण खाल्लेलं तेल, तूप, खोबरं, दाण्याचं कूट आतड्यात पचतं. त्यातल्या मेदाचे पुन्हा ट्रायग्लिसराइड बनतात आणि प्रथिनांचं वेष्टण घेतलेल्या मोठ्या कणांतून ते आधी लसिकेत आणि तिथून रक्तात येतात. या कणांना काइलोमायक्रॉन म्हणतात. यकृतही स्वतः बनवलेले ट्रायग्लिसराइड व्हीएलडीएल नावाच्या कणांतून रक्तात सोडतं. हे कण मेदाने गच्च भरलेले आणि इतके मोठे असतात की स्नायू किंवा हृदय यांच्या केशवाहिन्यांच्या भिंतीतून ते आरपार जाऊ शकत नाहीत. मालगाडी जशी पेठेत शिरत नाही, मालधक्क्यावर थांबते, तिथे पोती उतरवली जातात आणि मग माल दुकानोदुकानी जातो, तसंच इथे होतं. केशवाहिनीची आतली बाजू हा मेदाचा मालधक्का आहे.

तिथे माल उतरवणारं विकर म्हणजे लिपोप्रोटीन लायपेज. त्याचा शोध अनपेक्षितपणे लागला. १९४३ मध्ये पॉल हान यांनी कुत्र्यांना रक्त गोठू न देणारं हेपॅरिन टोचलं, तेव्हा स्निग्ध जेवणानंतर दुधाळ झालेला त्यांच्या रक्ताचा द्रवभाग पाहता पाहता स्वच्छ झाला. हेपॅरिनने रक्तात काहीतरी मोकळं केलं होतं, आणि त्या कशाने तरी मेद साफ केला होता. १९५५ मध्ये एडवर्ड कॉर्न यांनी त्या विकराची ओळख पटवून त्याला आजचं नाव दिलं. हे विकर केशवाहिनीच्या आतल्या पृष्ठभागाला चिकटून असतं आणि हेपॅरिन त्याला तिथून सोडवतं, असा तो उलगडा होता. गंमत म्हणजे ते तिथे तयार होत नाही. ते स्नायूंच्या, हृदयाच्या आणि मेदाच्या पेशींमध्ये बनतं. तिथून उचलून त्याला वाहिनीच्या आत आणून बसवणारं प्रथिन जीपीआयएचबीपी-१ या अवघड नावाचं आहे. मेद उतरवण्यासाठी हे प्रथिन अत्यावश्यक आहे, हे लॉस एंजेलिसमध्ये स्टीफन यंग यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवून दिलं. हे प्रथिन जन्मतःच सदोष असलेल्या माणसांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड हजारांच्या घरात जातात. एवढं त्या पृष्ठभागाचं महत्त्व.

विकर ट्रायग्लिसराइड तोडतं, मेदाम्लं सुटतात, आणि ती अंतःस्तरातून पलीकडच्या पेशींना मिळतात. स्नायू ती जाळतो, मेदपेशी साठवते. कोणाला किती द्यायचं हे शरीर वेळ पाहून ठरवतं. जेवणानंतर इन्सुलिन वाढतं, मेदपेशींच्या केशवाहिन्यांतलं विकर जोमाने काम करतं आणि मेद साठ्यात जातो. उपास असताना मेदपेशीतलं विकर थंडावतं आणि मेद हृदयाकडे व स्नायूंकडे वळतो. हे विकर रोखणारी काही प्रथिनंही शरीराने राखून ठेवलेली आहेत. कुठे, केव्हा, किती रोखायचं याचा हिशेब जेवण आणि उपास यांच्या तालावर चालतो. निरोगी माणसात हा ताल इतका अचूक असतो की तो आहे हे आपल्याला कळतही नाही.

आता यात मधुमेह आणू. इन्सुलिन कमी पडलं, किंवा असून त्याचं कुणी ऐकेनासं झालं, की एकाच वेळी तीन गोष्टी घडतात. मेदपेशींच्या केशवाहिन्यांतलं विकर मंदावतं, म्हणजे रक्तातला मेद उचलला जात नाही. दुसरीकडे मेदपेशीतला साठा फुटू नये म्हणून इन्सुलिन जो धाक ठेवतं तो सुटतो, मेदाम्लं रक्तात लोटतात, यकृत ती घेऊन आणखी व्हीएलडीएल बनवतं. तिसरी गोष्ट थेट साखरेची. यकृतात एपोसी-३ नावाचं प्रथिन बनतं. ते लायपेजच्या कामात अडथळा आणतं आणि अर्धवट रिते झालेले कण यकृताने परत घेण्यातही आडवं येतं. इन्सुलिन या प्रथिनाची निर्मिती दाबतं, जास्त ग्लुकोज ती वाढवतं. म्हणजे मेद रक्तात येतो जास्त, उतरतो कमी, आणि अर्धवट उतरलेले कण रेंगाळत राहतात. आपल्याकडच्या मधुमेहींच्या अहवालात जे नेहमी दिसतं, ट्रायग्लिसराइड जास्त, एचडीएल कमी आणि एलडीएलचे कण बारीक व दाट, त्याचं मूळ इथे आहे.

टोकाच्या अवस्थेत हे डोळ्यांनी दिसतं. इन्सुलिनचा फार मोठा अभाव असलेल्या रोग्याच्या डोळ्यात यंत्राने पाहिलं, तर दृष्टिपटलावरच्या रक्तवाहिन्या लाल दिसण्याऐवजी सायीच्या रंगाच्या दिसू शकतात. १८८० मध्ये याचं पहिलं वर्णन झालं. इन्सुलिन सुरू केलं की ट्रायग्लिसराइड उतरतात आणि वाहिन्यांचा रंग पूर्ववत होतो. साखरेच्या औषधाने मेद साफ होतो, याहून स्पष्ट पुरावा दुसरा कोणता हवा?

पण सगळ्या अवयवांत एकच घडतं असं समजू नका. हृदयाची गोष्ट उलट आहे. व्हँकुवरमधल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात ब्रायन रॉड्रिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या हृदयांवर बरीच वर्षं काम केलं. साखर वाढली की हृदयाच्या केशवाहिन्यांतल्या पेशी हेपॅरानेज नावाचं विकर सोडतात. ते हृदयपेशींच्या पृष्ठभागावर थांबलेलं लायपेज मोकळं करतं आणि हे लायपेज वाहिनीच्या आतल्या बाजूला जाऊन बसतं. इन्सुलिनच्या अभावी हृदयाला साखर नीट वापरता येत नाही, म्हणून ते मेदाकडे वळतं. काही काळ यामुळे त्याचं भागतं. पण हे चालूच राहिलं तर गरजेपेक्षा जास्त मेदाम्लं हृदयपेशीत साचतात आणि तिला इजा करतात. म्हणजे एकाच शरीरात मेदपेशीच्या केशवाहिन्या मेद उचलायला असमर्थ, आणि हृदयाच्या केशवाहिन्या तो नको इतका उतरवून घेणाऱ्या. बिघाड प्रमाणाचा आहेच, पण त्याहून अधिक वाटणीचा आहे.

आता खुद्द मालधक्क्याकडे पाहू. अंतःस्तराच्या आतल्या बाजूला साखर आणि प्रथिनं यांच्या लांब साखळ्यांचं एक अतिशय नाजूक आवरण असतं. लायपेज आपलं काम याच परिसरात करतं, आणि भिंतीला रक्तप्रवाहापासून संरक्षणही हेच आवरण देतं. अ‍ॅमस्टरडॅममधल्या संशोधकांनी २००६ मध्ये निरोगी स्वयंसेवकांची रक्तशर्करा काही तास सुमारे २७० मिलिग्रॅमवर ठेवली, आणि तेवढ्यात या आवरणाचं घनफळ जवळजवळ निम्म्यावर आलं. मधुमेह नसलेल्या माणसांमध्ये, अवघ्या सहा तासांत. जेवणानंतरची उंच साखर दोन-चार तासांत खाली येते म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करणाऱ्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा.

आतापर्यंत आपण वाहिनीच्या पृष्ठभागावर होतो. आता त्या एका पेशीच्या आत जाऊ. मधुमेहात साखर तर सर्व पेशींभोवती वाढते, मग इजा ठरावीक ठिकाणीच का होते? या प्रश्नाचा आयुष्यभर पाठपुरावा न्यूयॉर्कमधल्या मायकेल ब्राउनली यांनी केला. त्यांना स्वतःला टाइप-१ मधुमेह होता. त्यांचं उत्तर असं: बहुतेक पेशी बाहेरची साखर वाढली तर आत येणारी साखर मर्यादित ठेवू शकतात. दृष्टिपटलाच्या केशवाहिन्यांतल्या अंतःस्तराच्या पेशी, मूत्रपिंडातल्या गाळणीच्या काही पेशी आणि मज्जातंतूंशी संबंधित पेशी यांना ते तितकंसं जमत नाही. ग्लुट-१ या वाहक प्रथिनामार्फत रक्तातली साखर जशी वाढेल तशी ती आतही वाढते, इन्सुलिन असो वा नसो. म्हणून इजा नेमकी तिथे.

या आत आलेल्या जादा साखरेचा पेशीतल्या मेदाशी काय संबंध? १९६३ मध्ये इंग्लंडमधल्या फिलिप रँडल आणि सहकाऱ्यांनी मांडलं की ग्लुकोज आणि मेदाम्लं ही पेशीतली एकमेकांशी स्पर्धा करणारी इंधनं आहेत. एकाचं जळण वाढलं की दुसऱ्याचं मंदावतं. पुढे १९७७ मध्ये अमेरिकेत डेनिस मॅकगॅरी यांनी या स्पर्धेतला एक महत्त्वाचा दुवा शोधला. पेशीत ग्लुकोज मुबलक असलं की मॅलोनिल को-एन्झाइम-ए हा पदार्थ वाढतो. मेदाम्लाला तंतुकणिकेत, म्हणजे जिथे ते जळतं तिथे, नेणाऱ्या सीपीटी-१ या विकराला तो थांबवतो. अर्थ स्पष्ट आहे: भरपूर साखर असताना मेद जाळला जात नाही. साधारण माणसात हे शहाणपणाचं आहे, कारण जेवणानंतर साखर आधी वापरली जाते. पण साखर रात्रंदिवस चढीच राहिली तर?

बॉस्टनमध्ये नील रुडरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न अंतःस्तराच्या पेशींना विचारला. मानवी नाळेतल्या शिरेच्या पेशी त्यांनी अतिशय उंच ग्लुकोजमध्ये वाढवल्या, सुमारे ५४० मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटर. २००२ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. चोवीस तासांत त्या पेशींतलं मॅलोनिल को-एन्झाइम-ए वाढलं, मेदाम्लांचं ज्वलन घटलं, डायअसिलग्लिसरॉल हा मेदपदार्थ जास्त बनू लागला आणि ऊर्जेचा साठा कमी झाला. तीन दिवसांत स्वतःहून मरणाऱ्या पेशींची संख्या कित्येक पटींनी वाढली. याच पेशींना एएमपीके हे विकर चेतवणारं द्रव्य दिलं, तर हे बिघाड टळले. एएमपीके म्हणजे पेशीतली ऊर्जा कमी पडते आहे हे ओळखणारं विकर. ते जागं झालं की मॅलोनिल को-एन्झाइम-ए घटतं आणि मेद पुन्हा जळू लागतो. नाळेतली शीर ही केशवाहिनी नव्हे, आणि बशीतला प्रयोग म्हणजे माणूस नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण उंच साखर अंतःस्तराच्या पेशीची मेद वापरण्याची क्षमताच रोखते आणि त्यातून पेशी मरू शकते, ही दिशा त्या प्रयोगाने दाखवली.

डायअसिलग्लिसरॉलचा मघाशी उल्लेख केला, त्याबद्दल थोडं. हा पदार्थ साखरेपासून पेशीतच बनू शकतो, आणि तो प्रोटीन कायनेज-सी या विकराला सतत चेतवत ठेवतो. त्यामुळे वाहिनी आकसते, भिंत झिरपू लागते, तिच्या पेशींखालचं तळपटल जाड होतं. साखरेने केलेली ही इजा एका मेदरेणूच्या मध्यस्थीने होते, हे विसरू नये.

कुणी विचारेल, अंतःस्तराच्या पेशीला मेद जाळण्याची गरजच काय? ती आपली बहुतांश ऊर्जा ग्लुकोज तोडूनच मिळवते, हे बेल्जियममधल्या पीटर कार्मेलिएट यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं. पण त्याच गटाने २०१५ मध्ये हेही दाखवलं की मेदाम्लांच्या ज्वलनातून मिळणारा कार्बन या पेशी डीएनए बनवण्यासाठी वापरतात. म्हणजे मेदाचं ज्वलन रोखलं, तर नव्या पेशी घडवणं आणि जुन्यांची डागडुजी करणं कठीण जातं. मोठ्या धमन्यांत मात्र चित्र वेगळं असू शकतं. ब्राउनली यांच्या गटाच्या मते तिथे इन्सुलिन-प्रतिरोधामुळे येणारी अतिरिक्त मेदाम्लं अंतःस्तरात जास्त जळतात आणि त्यातून घातक प्राणवायू-रेणू तयार होतात. लहान वाहिनीत साखरेचा पूर, मोठ्या वाहिनीत मेदाम्लांचा, आणि दोन्हीकडे शेवटी तंतुकणिकांवर ताण. हृदयविकार आणि डोळ्याचा विकार एकाच रोग्यात पण वेगवेगळ्या वेळी का दिसतात, हे समजायला याची मदत होते.

आता डोळ्याकडे वळू, कारण केशवाहिन्या जिवंतपणी उघड दिसतात अशा शरीरातल्या मोजक्या जागांपैकी ही एक. दृष्टिपटलातल्या केशवाहिन्यांना बाहेरून पेरिसाइट नावाच्या पेशींचा आधार असतो. इतर बहुतेक अवयवांत अंतःस्तराच्या अनेक पेशींमागे एखादी पेरिसाइट असते. दृष्टिपटलात जवळपास एकास एक. १९६१ मध्ये डेव्हिड कोगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहींच्या दृष्टिपटलातल्या केशवाहिन्यांचं जाळं वेगळं काढून पाहिलं, तेव्हा पेरिसाइट नाहीशा होत असल्याचं त्यांना दिसलं. हा रेटिनोपथीचा, म्हणजे मधुमेहाने होणाऱ्या दृष्टिपटलाच्या विकाराचा, अगदी सुरुवातीचा बदल. त्यानंतर वाहिनीला बारीक फुगे येतात, त्यातून रक्त आणि मेदयुक्त द्रव झिरपतो. नेत्रतज्ज्ञ ज्या पिवळट ठिपक्यांना ‘एक्झुडेट’ म्हणतात, ते झिरपलेल्या मेदाचेच असतात. रोग्याला यातलं काहीही जाणवत नाही. दृष्टी अंधूक होते तोवर बरीच वाट चालून झालेली असते.

मेदावर उपचार केले तर डोळा वाचतो का? याचं उत्तर मला या सगळ्या विषयात सर्वांत आशादायक वाटतं. फेनोफायब्रेट हे ट्रायग्लिसराइड कमी करणारं जुनं औषध. ते पेशीतल्या मेदज्वलनाच्या जनुकांना चालना देणाऱ्या पीपीएआर-अल्फा या प्रथिनावर काम करतं. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि फिनलंडमधल्या ९,७९५ मधुमेहींवर झालेल्या ‘फील्ड’ चाचणीत हे औषध घेणाऱ्यांपैकी ३.४ टक्के लोकांना डोळ्यावर लेसर उपचार लागले. न घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ४.९ टक्के होतं. २०१० मध्ये अमेरिका-कॅनडातल्या ‘अ‍ॅकॉर्ड’ चाचणीच्या डोळ्यांसंबंधीच्या अभ्यासात, कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनसोबत फेनोफायब्रेट दिल्यावर चार वर्षांत रेटिनोपथी वाढण्याचं प्रमाण १०.२ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर आलं. २०२४ मध्ये स्कॉटलंडमधल्या १,१५१ जणांवरच्या ‘लेन्स’ चाचणीने, सुरुवातीच्या रेटिनोपथीची वाढ या औषधाने सुमारे २७ टक्क्यांनी घटते, असा निष्कर्ष दिला. ऑस्ट्रेलियाने तर २०१३ मध्येच या कारणासाठी त्याला मान्यता दिली होती.

यातली लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की ‘फील्ड’मधला फायदा रक्तातल्या ट्रायग्लिसराइडच्या घटीवरून पुरता समजावता आला नाही. म्हणजे औषधाचं काम रक्तातल्या आकड्यापुरतं नसावं; दृष्टिपटलातल्या पेशींच्या आतल्या मेदव्यवहारावरही असावं. प्राण्यांवरच्या अभ्यासांत मधुमेही दृष्टिपटलात पीपीएआर-अल्फा घटलेलं आढळलं आहे, त्याच्याशी हे जुळतं. तरीही मी इथे हात जोडून सांगतो: हे ऐकून कुणी औषधाच्या दुकानातून गोळ्या आणू नयेत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना, काही यकृतविकारांत आणि इतर औषधांसोबत हे औषध जपून द्यावं लागतं. ते द्यायचं की नाही हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. आपण मात्र त्यांना विचारायला हवं.

हा विषय आपल्यासाठी विशेष का, याचं उत्तर पुण्यातून आलं. केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गर्भवती आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास सुरू केला. तिथली नवजात बाळं सरासरी सुमारे २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्पटनची साडेतीन किलोची. आपली बाळं हडकुळी, स्नायू कमी, पण त्वचेखालचा मेद मात्र त्या मानाने टिकलेला. बारीक दिसणारं, तरी मेदाळ बाळ. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये आलं. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातला मेद मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. आपल्याकडे ‘अंगाने बारीक, मग साखर कशी?’ असं म्हणतात, त्याला हे उत्तर आहे. साठ्याची जागा कमी आणि मेद जास्त, म्हणजे तो यकृतात, स्नायूत आणि रक्तात लवकर उतू जातो, आणि केशवाहिनीवरचा भार तरुण वयातच सुरू होतो. म्हणून आपल्यासाठी कमरेचा घेर महत्त्वाचा: पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर, स्त्रियांसाठी ८०.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, साखर लवकर ताब्यात आणा. अमेरिका-कॅनडातल्या टाइप-१ मधुमेहींच्या ‘डीसीसीटी’ या चाचणीने १९९३ मध्ये सिद्ध केलं की काटेकोर नियंत्रणाने रेटिनोपथी सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी होतो. टाइप-२ साठी ब्रिटनमधल्या ‘यूकेपीडीएस’ने १९९८ मध्ये सूक्ष्मवाहिन्यांच्या विकारांत २५ टक्के घट दाखवली. आणि दोन्ही चाचण्या संपल्यानंतर, गटांमधली साखर सारखी झाल्यावरही, आधी ज्यांची साखर चांगली होती त्यांना फायदा होतच राहिला. केशवाहिन्या चांगले दिवसही लक्षात ठेवतात आणि वाईटही. मात्र वृद्धांनी आणि हृदयरोग्यांनी साखर फार खाली खेचण्याची घाई करू नये. त्यांचं लक्ष्य डॉक्टरांनी ठरवावं.

दुसरी गोष्ट, चालणं. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा त्यातलं एएमपीके जागं होतं, मेद जळू लागतो. व्यायामानंतर स्नायूच्या केशवाहिन्यांतलं लायपेजही वाढतं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाढलेलं राहतं. उलट तासन् तास बसून राहिलं की ते घटतं. प्रयोगशाळेतल्या पेशींना ज्या विकराने तारलं, ते चेतवायला आपल्याला रोज पाय उचलावे लागतात, इतकंच. जेवणानंतर लगेच आडवं होण्याऐवजी थोडं फिरून यावं, कारण रक्तातली साखर आणि मेद दोन्ही त्याच तासांत चढत असतात. साखर तास-दोन तासांत टोकाला पोचते, मेद तीन-चार तासांनी.

तिसरी गोष्ट, ताट. मेद वाढतो तो तेलातुपानेच, असं समजून चालू नका. जादा भात, मैदा, साखर, गोड सरबतं आणि दारू यांपासून यकृत ट्रायग्लिसराइड बनवतं. उपासाला साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस खाऊन वर ‘तेल कमी घातलंय’ असं समाधान मानणाऱ्यांना हे कळलं पाहिजे. ताटातली भाकरी-पोळी एकाने कमी करा, उसळ, पालेभाजी आणि कोशिंबीर वाढवा. तंबाखू आणि मिश्री सोडा.

आणि चौथी गोष्ट, तपासणी. टाइप-२ मधुमेह कळला त्याच वर्षी दृष्टिपटल तपासून घ्या, डोळ्यांना कितीही स्वच्छ दिसत असलं तरी. लघवीतलं अल्ब्युमिन दरवर्षी पाहा. मूत्रपिंडाच्या केशवाहिन्या झिरपू लागल्याची ती पहिली खूण आहे. पायांची संवेदना तपासून घ्या. लिपिड प्रोफाइलवर ट्रायग्लिसराइडचा आकडा १५० च्या वर असेल, तर तो साखरेच्या आकड्याशेजारी लिहा आणि पुढच्या वेळी दोन्ही एकत्र दाखवा. साखर नीट आणल्यावर ट्रायग्लिसराइड किती उतरले, हे पाहायला विसरू नका. आकडा ५०० च्या वर गेला, तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. तेव्हा एक दिवसही वाट पाहू नका.

माझी विनंती तीन जणांना आहे. डॉक्टरांनी रोग्याला दोन्ही अहवाल एकत्र समजावून सांगावेत. त्याला पाच मिनिटं जास्त लागतील, पण ती पाच मिनिटं औषधाइतकीच कामाची आहेत. घरच्यांनी गोड बंद केलं म्हणजे आपलं काम झालं असं समजू नये. घरातल्या मधुमेही माणसाबरोबर रोज चालायला जावं. आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांनी त्रास होत नाही म्हणून तपासणी टाळू नये. केशवाहिनी दुखत नाही, तक्रार करत नाही, आणि तिची इजा ज्या वर्षांत थांबवता येते नेमक्या त्या वर्षांत माणसाला काहीच जाणवत नसतं. तीच वर्षं आपल्या हातातली आहेत. आज इथून गेल्यावर घरातले ते दोन कागद बाहेर काढा, एकमेकांशेजारी ठेवून वाचा, आणि दृष्टिपटलाच्या तपासणीची तारीख याच आठवड्यात ठरवा.